मदत हवी आहे: 'फेह' या लिनक्सवरच्या हलक्या फोटो व्ह्यूअरमध्ये आयफोनचे उभे फोटो आडवे दिसतात

मंडळी, राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत गिऱ्हाइकाला लग्नाचे फोटो निवडायला दाखवायचेत. मशीन जुनं, 2 जीबी रॅम, डेबियन लिनक्स. 24 मेगापिक्सेलची जेपीजी डिस्कवर 8 एमबी असली तरी उघडल्यावर रॅममध्ये 6000 × 4000 पिक्सेल × 4 बाइट, म्हणजे 96 एमबी होते. म्हणून जड व्ह्यूअर नकोच.

फेह ऑटो-रोटेट लावून फुलस्क्रीन चालतं. 1 दाबलं की फोटो 'निवड' फोल्डरमध्ये कॉपी होतो. (ॲक्शनमध्ये, म्हणजे त्या कळीला जोडलेल्या कमांडमध्ये, फाइलच्या नावाच्या जागी लिहायचा %एफ कॅपिटलच हवा, नाहीतर नावात स्पेस असलेल्या फाइलवर कॉपी अडते.) कंट्रोल-डिलीट मात्र आधी बंद करा, ते थेट फाइलच उडवतं!

अडचण पाहुण्यांच्या आयफोनवरच्या एचईआयसी फॉरमॅटमधल्या फोटोंची. लिबहीफ लायब्ररीसोबत येणाऱ्या हीफ-कन्व्हर्टने जेपीजी करताना पिक्सेल फिरतात, पण एक्झिफमधला (फोटोसोबत साठवलेल्या माहितीतला) ओरिएंटेशन टॅग 6 च, म्हणजे 'फिरवून दाखवा' असाच राहतो. मग फेह फोटो पुन्हा फिरवतं. एक्झिफटूलने टॅग 1 (म्हणजे 'आहे तसाच दाखवा') केला की सरळ दिसतात, पण हा जादा फेरा टाळायचाय.

लिबहीफची नवी आवृत्ती टाकून हे सुटतं का? की इमलिब2 चा (फेह फोटो उघडायला वापरतं त्या लायब्ररीचा) हीफ लोडर बसवून एचईआयसी थेट उघडावी? तिथेही दोनदा फिरतं का? वापरलेल्यांनी आवृत्तीसकट सांगा.