सल्ला हवा: पीएच.डी. करायची आहे, पैशांचं कसं जमवू? (बडोदे)

वाडीची_सून:
नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्र, ६१ टक्के. वय ३२, ओपन. एका खाजगी कॉलेजात ॲडहॉक शिकवते, हातात २६ हजार येतात. मुलगी सीनियर केजीत, नवरा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला. आमच्या वाडी-पाणीगेट भागात घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या कमाईवर पीएच.डी. करायची आहे. गाईड एमएसयूतच (इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात) बघते आहे. घरून महिन्याला जास्तीत जास्त चार हजार काढू शकते. कर्ज नको. परदेश नको, कृपया सुचवू नका. नोकरी सोडून फुलटाइम करावी की नोकरी ठेवून पार्टटाइम? फेलोशिप कोणत्या मिळतील?

अलकापुरी_एक्स्प्रेस:
जर्मनी बघा. माझा मुलगा तिथे पीएच.डी. करतोय, फी नाही, उलट पगार मिळतो. तिथे पीएच.डी. म्हणजे नोकरीच असते, करार करतात, रजा असते. आता तर त्याने गाडीही घेतली.

वाडीची_सून:
काका, अभिनंदन. पण परदेश नको असं लिहिलंय.

अलकापुरी_एक्स्प्रेस:
हो वाचलं. तरी सांगून ठेवलं.

जेआरएफ_२०२१:
ताई, जेआरएफशिवाय (यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेतून मिळणारी फेलोशिप) पीएच.डी. करू नका. मी जेआरएफ घेऊनच केलं, म्हणून सांगतोय. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे महिन्याला ३७ हजार आणि एसआरएफचे (दोन वर्षांनी जेआरएफची होते ती) ४२ हजार झाले. वर घरभाडं आणि कंटिन्जन्सी (संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे), आर्ट्सवाल्यांना पहिली दोन वर्षं वर्षाला १० हजार, नंतर २०,५००. मी कंटिन्जन्सीतून लॅपटॉप घेतला. तुमच्या २६ हजारांपेक्षा हे कितीतरी चांगलं.

सूरसागर_कट्टा:
बत्तिशीत जेआरएफ? वयाची अट ३० आहे. संपला विषय.

जेआरएफ_२०२१:
संपला नाही. बायकांना पाच वर्षांची सूट आहे, ३५ पर्यंत चालतं. नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर. ताईंच्या हातात चार-पाच संधी तरी आहेत.

सूरसागर_कट्टा:
असेल. पण आमच्या वेळी एवढं सोपं नव्हतं.

मांजलपूरची_मावशी:
माझ्याकडे नेट अर्थशास्त्राची पुस्तकं पडली आहेत, भाचीची. ती आता बँकेत लागली. हवी असतील तर या घेऊन जा, पैसे नकोत.

बीई_मेकॅनिकल:
पीएमआरएफ (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप) बघा! पहिली दोन वर्षं ७० हजार महिना, शेवटी ८० हजार. वर संशोधनासाठी वर्षाला दोन लाख. माझ्या मित्राला मिळाली.

जेआरएफ_२०२१:
ती विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसाठी आहे. यांचं अर्थशास्त्र, तेही राज्य विद्यापीठात. कशाला उगीच आशा लावताय?

बीई_मेकॅनिकल:
माहिती दिली हो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

रावपुरा_जुना:
सारथीला अर्ज करा. पुण्याची संस्था आहे, मराठा-कुणबी मुलांना पीएच.डी.साठी फेलोशिप देते. ओबीसी असाल तर महाज्योती, अनुसूचित जातीच्या असाल तर बार्टी. आपल्या माणसांसाठीच आहे सगळं.

दांडियाबाजारकर:
आपल्या माणसांसाठी? महाराष्ट्राचा अधिवास लागतो त्याला. आमची पाचवी पिढी बडोद्यात, आधार इथलं, मतदान इथलं. महाराष्ट्राच्या लेखी आम्ही गुजराती आणि इथे शेजारी म्हणतात, तुम्ही तर महाराष्ट्रवाले. फॉर्म भरायची वेळ आली की आम्ही कुठलेच नसतो.

रावपुरा_जुना:
नागपूरला आत्या असेल तर तिकडचा पत्ता द्यायचा.

दांडियाबाजारकर:
खोटा अधिवास दाखवून पीएच.डी.? पुढे छाननी झाली तर फेलोशिपही जाईल आणि रजिस्ट्रेशनही. असले सल्ले देऊ नका हो.

निवृत्त_मास्तर:
या गावाला फेलोशिप नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता.

सूरसागर_कट्टा:
आणि १९१७ मध्ये ते आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, तेही सांगा. कमाटीबागेतली संकल्पभूमी त्याचीच आठवण आहे.

निवृत्त_मास्तर:
मी नाकारलं नाही. महाराजांनी पैसे दिले, गावाने घर दिलं नाही. दोन्ही खरं आहे. धागा पैशांचा आहे म्हणून पैशांचं लिहिलं.

हंसा_मेहता_लायब्ररीत:
ताई, आता कामाचं. गुजरात सरकारची ‘शोध’ योजना आहे. महिन्याला १५ हजार आणि वर्षाला २० हजार कंटिन्जन्सी, दोन वर्षं. म्हणजे एकूण चार लाख. अट अशी की गुजरातमधल्या विद्यापीठात फुलटाइम पीएच.डी.ला रजिस्ट्रेशन झालेलं असावं. आधी प्रवेश, मग अर्ज. नोकरी किंवा दुसरी फेलोशिप चालत नाही. मी त्यातूनच दोन वर्षं काढली. घर भाड्याचं असतं तर जमलं नसतं, खरं सांगते.
अर्थशास्त्र आहे तर आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल फेलोशिपही बघा, २० हजार महिना. समाजशास्त्रांसाठीच आहे आणि तुमचा विषय त्यांच्याच वळणाचा आहे.
कुणी नॉन-नेटचे (नेट नसलेल्या पीएच.डी.वाल्यांना मिळणारे) आठ हजार सुचवलेच तर लक्षात ठेवा, ते केंद्रीय विद्यापीठांत मिळतात. एमएसयू राज्याचं.

जेआरएफ_२०२१:
बरोबर. पण जेआरएफ तर जेआरएफच.

वाडीची_सून:
हंसाताई, खूप आभार. पैसे वेळेवर येतात का?

हंसा_मेहता_लायब्ररीत:
फेलोशिपच्या पैशांवर ईएमआय लावू नका, एवढंच सांगते. माझ्या मैत्रिणीची एक फेलोशिप (कुठली ते सोडा) आठ महिने अडकली आणि मग एकदम आली. तोवर तिच्या बाबांनी घर चालवलं. बँक खातं आधारशी नीट जोडलेलं ठेवा. यूजीसीच्या फेलोशिपला विद्यापीठाकडून दर महिन्याला पोर्टलवर तुमची हजेरी कन्फर्म व्हावी लागते, एक मेकर (नोंद करणारा) आणि एक चेकर (ती तपासणारा) असतो. त्यांतला एक रजेवर गेला की त्या महिन्याचे पैसे लटकतात. त्या टेबलावरच्या माणसाला पहिल्या आठवड्यात जाऊन नमस्कार करून या.

मांजलपूरची_मावशी:
हे मात्र खरं. माझ्या भाचीनेही हेच सांगितलं होतं. आणि पुस्तकं अजून आहेत.

कर्जवाला_नाही:
एज्युकेशन लोन घ्या. साडेसात लाखांपर्यंत बहुतेक सरकारी बँका तारण मागत नाहीत. व्याजावर ८० ई खाली कर सवलतही आहे, आठ वर्षं.

वाडीची_सून:
कर्ज नको. पहिल्याच पोस्टमध्ये आहे.

दांडियाबाजारकर:
शिवाय ८० ई जुन्या करप्रणालीतच मिळतं. २६ हजार पगारावर कर कुठला लागणार, की सवलत घ्यावी?

कर्जवाला_नाही:
नवऱ्याच्या नावावर घेतलं की त्याला मिळेल ना.

दांडियाबाजारकर:
यांना चार हजार जमतात, हप्ता कोण भरणार? तुम्ही?

अलकापुरी_एक्स्प्रेस:
जर्मनीत कर्जाची गरजच पडली नाही.

गाईड_गेला_सोडून:
पैसे नंतर, आधी गाईड पक्का करा. प्रोफेसर एका वेळी आठ विद्यार्थी घेऊ शकतो, असोसिएट सहा, असिस्टंट चार. जागा भरल्या असतील तर तुमच्या विषयावर तो कितीही खूश असला तरी उपयोग नाही. माझा गाईड दुसऱ्या राज्यात गेला, तेव्हापासून माझं रखडलंय. आणि पार्टटाइम अजिबात करू नका. माझ्या ओळखीत पार्टटाइमवाला एकही वेळेत सुटला नाही.

सूरसागर_कट्टा:
पेपर छापायलाही पैसे ठेवा. दोन पेपर लागतात, त्याशिवाय थीसिस घेत नाहीत. हल्ली एकेका पेपरचे पाच-सहा हजार मागतात.

हंसा_मेहता_लायब्ररीत:
नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांतून पेपरची सक्ती गेली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय तो विभागात विचारा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांत तर एक रुपयाही घालू नका. पुढे मुलाखतीत त्याचाच प्रश्न येतो.
त्याच नियमांत बायकांना जास्तीची दोन वर्षं आणि २४० दिवसांची बाळंतपणाची/बालसंगोपनाची रजा आहे. पार्टटाइमलाही मान्यता आहे, फक्त नोकरीच्या ठिकाणची एनओसी हवी.

मुलगी_एकुलती:
आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे. मी अर्ज केलाय. भाऊ असेल तर नाही मिळत.

वाडीची_सून:
भाऊ आहे. दोन आहेत.

मुलगी_एकुलती:
अरेरे.

जेआरएफ_२०२१:
थोडक्यात: नोकरी सोडा, फुलटाइम प्रवेश घ्या, ‘शोध’ला अर्ज करा आणि सोबत नेट देत राहा. जेआरएफ लागली की ‘शोध’ सोडा. सगळे हेच म्हणतायत.

निवृत्त_मास्तर:
माझाही कौल तोच. मी सोडून सगळ्यांचे हिशोब चुकले असतील तर दुरुस्त करा.

वाडीची_सून:
सगळ्यांचे आभार. काल रात्री नवऱ्यासोबत वहीत मांडून बघितलं. ‘शोध’चे दोन वर्षांचे चार लाख, माझा पगार त्याच दोन वर्षांत सव्वासहा लाखांच्या जवळ. शिवाय ‘शोध’ दोन वर्षांनी संपते, थीसिस तेव्हा संपणार नाही, आणि ॲडहॉकची जागा माझ्यासाठी कुणी रिकामी ठेवणार नाही. जेआरएफ लागली तर गोष्ट वेगळी, पण ती अजून लागलेली नाही. म्हणून पार्टटाइमच करते. प्रिन्सिपॉलबाईंनी एनओसी देते म्हटलंय. फील्डवर्क घरापासून चालत जाण्यासारखं आहे, बायका मला ओळखतात, दुपारी तीननंतर मोकळ्या असतात आणि मीही. डिसेंबरची नेट देईन. लागली तर तेव्हा नोकरी सोडायचा विचार करू.

जेआरएफ_२०२१:
चूक करताय ताई. पार्टटाइमवर जेआरएफ मिळत नाही, तेव्हा फुलटाइममध्ये बदलून घ्यायला विद्यापीठात फेऱ्या मारायला लागतील.

वाडीची_सून:
मारेन. घरापासून लांब नाही.

गाईड_गेला_सोडून:
मी सांगितलं होतं, पार्टटाइमवाला सुटत नाही.

दांडियाबाजारकर:
तुम्ही फुलटाइम आहात ना? मग तुमचं का रखडलंय?

कर्जवाला_नाही:
निर्णय फिरला तर लोनचा विचार करा.

वाडीची_सून:
मावशी, पुस्तकं रविवारी घ्यायला येऊ का?

मांजलपूरची_मावशी:
ये की. चार होती, एक पुतण्याने नेलंय, मायक्रोचं. बाकी तीन आहेत. दुपारी दोननंतर ये, आधी लाइट जाणार आहे म्हणे.