तिरंगी मांजरीच्या पिल्लांचे ठिपके कोण ठरवतं?

मिरजेची_काकू
आमच्या चिमीला तीन पिल्लं झाली. दोन माद्या आईसारख्याच तिरंगी, पण एकीचा डावा कान केशरी आणि उजवा काळा, दुसरीचं नेमकं उलटं. बोका नुसता काळा-पांढरा. कुठला ठिपका कुठे पडणार, हे जनुकांत लिहिलेलं असतं का?

पेशीवेडा
नाही काकू, लिहिलेलं नसतं. मी सहा वर्षं उंदरांच्या भ्रूणांवर काम केलंय, आणि हा भाग मला अजूनही थक्क करतो. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स, एक आईचा, एक बापाचा. तिरंगी मादीत त्यातला एक केशरी रंगाचा, दुसरा काळ्या. भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास त्यातली एकेक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करते. कुठला, याला काही नियम नाही. शेजारच्या पेशीत दुसराच बंद होऊ शकतो. झिस्ट नावाचा आरएनए (जनुकावरून बनणारा रेणू) त्या एक्सवर पसरतो आणि तो गप्प होतो. मग त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशींत तोच बंद राहतो. केशरी कान म्हणजे तिथल्या रंगपेशींच्या पूर्वज पेशीने तेव्हा काळ्या रंगाचा एक्स मिटला. मेरी लायन या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ बाईंनी हे १९६१ मध्ये मांडलं, तेही उंदरांच्या अंगावरचे ठिपके बघून.

पांढऱ्याचं कारण वेगळं. रंगपेशी पाठीकडून पोटाकडे सरकत येतात. जिथे पोचत नाहीत तिथे पांढरं राहतं.

निशिगंध
म्हणजे क्लोन केला तरी ठिपके जुळणार नाहीत?

पेशीवेडा
नाही जुळले. टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीचा क्लोन केला. डिसेंबर २००१ मध्ये सीसी जन्मली, आणि तिच्यात केशरी रंगच नव्हता! ज्या पेशीपासून ती घडवली, तिच्यातला केशरी एक्स आधीच बंद होता आणि तो पुन्हा उघडला नाही, असं मानतात.

मिरजेची_काकू
आणि आमचा बोका?

पेशीवेडा
त्याच्याकडे एकच एक्स, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नाही. क्वचित तिरंगी बोका सापडतो, त्याच्याकडे बहुधा दोन एक्स आणि एक वाय असतो. आणि काकू, हे तुमच्याही शरीरात घडलेलं आहे. फक्त अंगावर दिसत नाही.

मिरजेची_काकू
माझ्या जुळ्या मुलींना आत्ताच वाचून दाखवलं. उलट्या कानांचं पिल्लू रविवारी इचलकरंजीला बहिणीकडे जाणार आहे. त्याआधी दोघींना शेजारी बसवून फोटो काढते आणि इथे टाकते.