मदत हवी आहे: गिल्सोनाइट तेलात पूर्ण विरघळत नाही

मी छपाईच्या काळ्या शाईसाठी गिल्सोनाइट वापरून पाहतोय. अमेरिकेतल्या युटा राज्यात, युइंटा खोऱ्यातल्या उभ्या शिरांमधून खणून काढतात ते हे नैसर्गिक डांबर. काळं, चकचकीत, बोटांत चुरडलं तरी भुगा होणारं. तेलविहिरींच्या ड्रिलिंग मडमध्ये (विहीर खणताना वापरायच्या चिखलासारख्या द्रवात), ओतकामाच्या वाळूत आणि रस्त्याच्या डांबरात ते घालतात हे माहीत आहे. शाईत मात्र ते कार्बन ब्लॅकला (काजळीसारख्या काळ्या भुकटीला) छान ओलं करतं, म्हणून मला तेच हवंय.

अडचण अशी की गरम मिनरल ऑइलमध्ये तासभर ढवळूनही तळाशी बारीक कण राहतात. त्रिनिदादच्या पिच लेकच्या (नैसर्गिक डांबराच्या तळ्याच्या) डांबरात खनिज माती भरपूर असते, तिथे गाळ समजू शकतो. गिल्सोनाइट तर जवळजवळ शुद्ध! मग माझ्याकडे जास्त सॉफ्टनिंग पॉइंटचा (मऊ व्हायला जास्त तापमान लागणारा), न वितळलेला माल आहे, की भेसळ? टोल्युइन या द्रावकात विरघळवून, गाळून उरलेला साका वजन केला तर फरक कळेल ना? थोडं अॅरोमॅटिक तेल मिसळून कुणी पाहिलंय का? तापमान किती ठेवता?

दळताना धूळ स्फोटक असते, त्याची काळजी घेतोय. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा, काम अडलंय.