तीनदा गेले, तीनदा दार बंद. नाव यादीतून काढू का?

स्कूटीवाली_मानेवाडा
एमएसडब्ल्यू झाल्यावर पाच महिन्यांपासून एका संस्थेत गृहभेटीचं काम करते. नागपुरात भांडेवाडीच्या बाजूची वस्ती, तीन वर्षांखालची लेकरं असलेली चौदा घरं माझ्याकडे. आठवड्यातून एकदा जायचं, तासभर बसायचं, बाळाशी बोलणं-खेळणं आईसोबत करून बघायचं. काम एवढंच.

तेरा घरांचं ठीक चाललंय. चौदाव्याचं सांगते. आई वीस-एकवीसची, माहेर छत्तीसगढकडचं. नवरा कळमना मार्केटला हमाल. मुलगा अकरा महिन्यांचा. पहिल्या भेटीत मी फॉर्म काढला. त्यात प्रश्न आहे, 'दिवसातून बाळाशी किती वेळ बोलता?' ती हसून म्हणाली, "इससे क्या बोलना दीदी, इसको कहाँ समझता है." मधेच सासूने विचारलं, "मॅडम, राशन कार्ड का कुछ होगा क्या?" मी म्हटलं, ते आमच्याकडे नाही. दुसऱ्या वेळी ती सगळा तास माझ्याकडे पाठ करून भांडी घासत बसली. मी एकटीच कापडी चेंडू घेऊन बाळासमोर "गेला, गेला, आला" करतेय आणि शेजारच्या बाया दारात उभ्या राहून बघतायत. अजून आठवलं की कान तापतात.

त्यानंतर तीन आठवडे दार बंद. कुलूप नाही, आतून बाळाचा आवाज येतो.

आमच्या मॅडम म्हणतात, 'नकार' लिही आणि दुसरं घर घे, आकडा भरायचा आहे. मला ते जीवावर येतं. पण रात्री उलटही वाटतं, की आपण कोण लागून गेलो कुणाच्या घरात शिरून लेकराशी खेळायला शिकवणारे? काय करू?

तर्री_पोहा
तुम्हीच उत्तर दिलंय. सासूने राशन कार्ड मागितलं, तुम्ही चेंडू दिला. ज्या घरात संध्याकाळच्या चुलीची खात्री नाही तिथे 'गेला, आला' करून काय होणार आहे? आमच्या आजीने सात पोरं वाढवली, फॉर्म नाही भरला कुणी. संस्थेच्या पैशात त्या घराला महिनाभराचं तेल-डाळ दिली असती तर दार आपोआप उघडलं असतं. राग मानू नका, खरं बोलून राहिलो.

जुनी_आशा
पोरी, आधी सांग, जाते किती वाजता? अकराला जात असशील तर ते माझं उत्तर. नळ, स्वयंपाक, धुणं आटोपून बाई जराशी टेकते तेव्हा तू जाऊन पोचते. आणि आता उन्हं पण पाहा, टिनाच्या खोलीत अकरानंतर माणूस बसू नाही शकत. नऊच्या आत जात जा, नाहीतर सहानंतर.

मी नागपुरातच आशा आहे, दहा वर्षं होऊन गेली. आमच्या भेटी ठरलेल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. सगळं मिळून अकरा वेळा एका उंबरठ्यावर. बेचाळीस दिवसांच्या सहाही भेटींचे मिळून अडीचशे रुपये. (यावर बोलायला बसली तर तुझा प्रश्न बाजूला राहील.)

एक घर सांगतो. आजी वजन करू देईना. काटा पाहिला की म्हणे, नजर लागते, लेकरू झोळीत लटकवायचं नाही. चौदाव्या दिवशी कसंबसं केलं होतं, एकविसाव्याला साफ नाही म्हणाली. कोपऱ्यात कोहळं ठेवलं होतं. मी म्हटलं, आजी, हे किती किलोचं असन हो? ती म्हणाली तीन. मी म्हटलं चार. झोळीत घातलं, भरलं साडेतीन. दोघी हरलो, दोघी हसलो. मग तीच म्हणाली, आता पोट्ट्याचं पाहा बरं. वजन चौदाव्या दिवसापेक्षा कमी भरलं! आजी घुटी नि साखरपाणी चाटवत होती, लेकरू अंगावर कमी पीत होतं. मी त्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि आजीलाच काम लावलं: सुनेला नीट बसवा, पाठीला उशी द्या, लेकरू दर दोन तासांनी छातीला लागते का पाहा. घुटीचं नावही काढलं नाही. अठ्ठाविसाव्याला आजीनेच काटा टांगायला खिळा दाखवला.

तुला एकच विचारायचं आहे. तू कागदावर जे लिहिते ते त्या बाईला वाचून दाखवलं का? काहून की वस्तीत लोक कागदालाच भेतात. नाव लिहून नेलं म्हणजे घर पाडायची नोटीस, नाहीतर पोलीस.

सेवाग्रामकर
तर्री_पोहा यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण तो तपासून झालेला आहे. जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत 1986-87 साली 129 खुरटलेली मुलं घेतली, वय 9 ते 24 महिने. काहींना फक्त पूरक आहार, काहींना आठवड्यातून एक तास गृहभेट, काहींना दोन्ही, काहींना काही नाही. दोन वर्षं. भेटीला जाणाऱ्या बाया वस्तीपातळीच्या आरोग्यसेविका होत्या आणि खेळणी घरातल्याच वस्तूंची. वीस वर्षांनी ती मुलं शोधून काढली. भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ फायदा दिसला नाही. म्हणून डाळ-तेल देऊ नये असं नाही, डाळ-तेलाने हे काम होत नाही एवढंच.

उलट बाजूही सांगतो. कोलंबियात हेच मोठ्या प्रमाणावर केलं, सुरुवातीला फरक दिसला, दोन वर्षांनी तो उरला नाही. जमैकात मुलं थोडी होती आणि जाणाऱ्यांवर देखरेख बारीक होती. म्हणून 'आकडा भरायचा आहे' हे तुमच्या मॅडमचं वाक्य मला जास्त खटकलं.

आणि लांब कशाला जायचं, गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांच्या घरी पाठवलं. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला, 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वरच्या आशाताईंच्या सहा भेटींचं मूळ तिथे आहे. एक लक्षात घ्या, तिथे डॉक्टरणी नव्हत्या गेल्या, शेजारणी गेल्या.

टिनाखालची
मी फक्त वाचते इथे, लिहीत नाही. पण मी दार न उघडणारी होते म्हणून लिहिते.

माझी मोठी आठ महिन्यांची असताना एक ताई यायची. दोनदा आली, तिसऱ्या वेळी मी आतून कडी लावून गप्प बसले. मुलीच्या तोंडात पदर दिला आवाज जाऊ नये म्हणून. कारण एवढंच की घरात दूध नव्हतं. दोनदा चहा दिला होता, तिसऱ्यांदा काळा चहा कसा द्यायचा? शिकलेली बाई, काय म्हणेल.

तिने पुढच्या वेळी बाहेरूनच सांगितलं, "ताई, मी चहा पिऊन आले, पाणी देशील का गार?" मडक्यातलं पाणी दिलं. ती गटागट प्यायली आणि आणखी मागितलं. आमच्या घरचं पाणी सगळेच पीत नाहीत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तिने काय शिकवलं ते आता आठवत नाही. मुलगी बारावीला आहे.

तर्री_पोहा
ठीक आहे जी. जमैकाचं मला माहीत नव्हतं. पण राशन कार्डाचं कुणी बघणार की नाही?

स्कूटीवाली_मानेवाडा
सगळ्यांना एकदम उत्तर देते. हो, मी अकरालाच जात होते.

आज सव्वाआठला गेले. बाहेरूनच पाणी मागितलं. दार उघडलं. फॉर्म काढून म्हटलं, मी तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते ऐक, चुकलं असेल तर सांग. हिंदीत वाचत गेले. एका ओळीवर माझी मीच अडखळले. 'घर अस्वच्छ', पहिल्या भेटीत मी लिहिलं होतं. तेही वाचलं. ती काही बोलली नाही, नुसती जमिनीकडे बघत राहिली. शेण-मातीने सारवलेली, एक काडी नव्हती तिथे. मी तिच्यासमोर ती ओळ खोडली. तिने विचारलं, "पूरा काटा ना?"

मग ती उठली आणि फळीवरून तेलाची रिकामी बाटली काढली. आत तुरीचे दाणे. म्हणाली, ये इसको बजाता है. बाळाने खरंच वाजवली, आणि ती त्याच्याशी छत्तीसगढीत बोलायला लागली, भराभर, मला एक शब्द कळला नाही. मी चेंडू पिशवीतून काढलाच नाही.

राशन कार्डासाठी सोमवारी सासूला घेऊन जातेय. मॅडमना सांगितलेलं नाही.

जुनी_आशा
झकास. पण त्या बाटलीचं बूच पाहिलं का? टेप लावून घट्ट कर आधी. तुरीचा दाणा नाकात घातलेलं पोट्टं घेऊन मी मेडिकलला गेली आहे, रात्री साडेदहाला, ऑटो मिळेना.