वीसात तिघे: बहुमत वळवायचं कसं?

प्रश्न: वीस जणांच्या गटात तिघांचं मत वेगळं आहे. मतदान घेतलं तर १७-३ हे ठरलेलंच. तिघांनी शेवटपर्यंत ताणून धरायचं की थोडं मागे यायचं? आणि '२५ टक्के झाले की पारडं फिरतं' म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद १: ताणून धरायचं, पण तिघांनी एका सुरात. सामाजिक मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविची यांचा १९६९चा प्रयोग बघा. सहा जणांचा गट, त्यातले दोघे संशोधकांनी पढवलेले. ३६ स्लाइड, सगळ्या निळ्या, फक्त उजेड कमीजास्त. दोघांनी दर वेळी 'हिरवा' म्हटलं तेव्हा उरलेल्यांची ८.४२ टक्के उत्तरं 'हिरवा' आली. दुसऱ्या गटांत दोघांनी २४ वेळा हिरवा आणि १२ वेळा निळा म्हटलं, तर फक्त १.२५ टक्के. तिघांतला एक जण मध्येच "तसं तुमचंही बरोबर आहे" म्हणाला की मुसळ केरात.

एक बारकावा हमखास सुटतो: रंगांधळेपणाची चाचणी आधी सगळ्यांची एकत्र घेतली होती. 'यांना नीट दिसतच नाही' ही पळवाट तिथेच बंद झाली. तुमच्या तिघांवर 'यांचा स्वार्थ आहे' असा शिक्का बसणार असेल, तर पहिल्याच बैठकीत तो मुद्दा स्वतः काढून निकालात काढा.

प्रतिसाद २: वरच्याशी अर्धाच सहमत. एक सूर म्हणजे एकच वाक्य घोकणं नव्हे. चार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हाच प्रयोग बदलून केला. उजेडानुसार ठरावीक नियमाने कधी 'हिरवा' तर कधी 'हिरवट निळा' म्हणणाऱ्यांचा प्रभाव जास्त पडला. सरसकट 'हिरवा' म्हणणारे हेकट वाटले. मूळ मुद्दा पक्का, तपशिलात लवचिक. सवलत द्यायचीच तर चर्चेच्या अखेरीस द्या, सुरुवातीला दिली तर ती कच खाल्ल्यासारखी दिसते.

शिवाय बैठकीतले हात मोजू नका. मॉस्कोविचींच्या गटात उघडपणे 'निळा' म्हणत राहिलेले लोकही नंतर एकेकट्याने रंग ओळखताना हिरव्याकडे झुकलेले आढळले. शक्य असेल तर गुप्त मतदान मागा, आणि तेही चर्चेनंतर काही दिवसांनी.

प्रतिसाद ३: २५ टक्क्यांबद्दल: हा आकडा डेमन सेंटोला यांच्या २०१८च्या प्रयोगातला. २० ते ३० जणांचे दहा गट. जोडीजोडीने एका चित्राला नाव द्यायचं, जुळलं तर पैसे. सगळ्यांचं एक नाव रूढ झाल्यावर नवं नाव रेटणारे आत सोडले. ते चौथाईपेक्षा कमी होते तिथे नवं नाव रुजलं नाही. पण नाव बदलण्यात कुणाचं काही जात नव्हतं. श्रद्धा किंवा हितसंबंध गुंतले असतील तिथे हाच आकडा लावणं भाबडेपणाचं.

तरी हिशोब म्हणून वीसात पाच धरा. म्हणजे आणखी दोघे हवेत, आणि ते बहुमतातून फुटलेले हवेत. सॉलोमन ॲश यांच्या रेषांची लांबी ताडायच्या प्रयोगात सगळे चुकीचं उत्तर देत असताना सुमारे ३७ टक्के वेळा माणूस त्यांच्यामागे गेला. खरं बोलणारा एक सोबती मिळताच हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं. त्यामुळे काठावरच्या माणसाला एकटं बोलायला लावू नका. त्याच्या आधी तिघांपैकी एकाने बोलावं, लगेच त्याला संधी द्यावी.

प्रश्नकर्ता: आधी कुणाला गाठायचं?

प्रतिसाद ३: ज्याने आजवर गटाचे नियम पाळून पत कमावली आहे त्याला. त्याचं वेगळं मत लोक खपवून घेतात. जो दर बैठकीत नाही म्हणतो, तो आपल्या बाजूने आला तरी उपयोग थोडाच.