शनिवारची फवारणी

ए-६०४ (सेक्रेटरी): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 बागेत आणि पोडियमवर कीड फार वाढल्याच्या तक्रारी आल्या आहेत. शनिवारी सकाळी १० वाजता सरसकट फवारणी करून घेत आहोत. त्या वेळी मुलांना खाली पाठवू नये, खिडक्या बंद ठेवाव्यात. गॅलरीतल्या कुंड्यांवरही मारून घ्यायचं असेल त्यांनी नाव द्यावं.

बी-३०२: माझं नाव घ्या. जास्वंदीला पांढरा कापूस लागलाय.

ए-२०३ काकू: माझंही. कढीपत्त्याचा नुसता खराटा झालाय.

डी-७०१: आणि तो शेवगा तोडून टाका एकदाचा. खोडावर सुरवंटांचा गठ्ठा बसलाय. कामवाल्या मावशींच्या हाताला पुरळ आलं.

सी-१०१ आप्पा: फवारणी कशावर?

ए-६०४ (सेक्रेटरी): आप्पा, किडीवर.

सी-१०१ आप्पा: अहो, पण कुठल्या? मावा, कोळी, खवले कीड की बुरशी? बुरशीवर कीटकनाशक मारून काही होत नाही. लाल कोळ्याला बरीचशी साधी कीटकनाशकं लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे किडे मरतात आणि तो वाढतो. औषधाचं नाव काय सांगितलं त्यानं?

ए-६०४ (सेक्रेटरी): “ऑल इन वन” म्हणाला.

सी-१०१ आप्पा: अख्ख्या नोकरीत असलं औषध मी पाहिलं नाही.

डी-५०२: नवीन लोकांसाठी सांगते, आप्पा कृषी खात्यात होते.

बी-४०५: आणि शनिवारच का? पुढच्या आठवड्यात हरतालिका, मग गणपती. फुलं, दूर्वा, पत्री सगळं बागेतूनच तोडतात. औषध मारलेली जास्वंद देवाला वाहायची आणि तीच मुलं हातात घेणार.

ए-२०३ काकू: अगं हो की! हे लक्षातच आलं नाही.

सी-१०१ आप्पा: शनिवारला वेळ आहे. ज्याला जे दिसतंय त्याचे फोटो टाका, पण नीट टाका. एक लांबून अख्ख्या झाडाचा, एक पानाचा, आणि एक पान उलटं करून खालच्या बाजूचा. निम्मी कीड पानाखालीच असते. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. फ्लॅश नको, सकाळच्या उजेडात काढा. झाड कुंडीत की जमिनीत, ऊन किती, पाणी किती तेही लिहा. नुसतं “पानं पिवळी पडतायत, काय करू” असं विचारलंत तर मी काही ज्योतिषी नाही.

सी-८०४: त्यासाठी ॲप आहेत ना आता. फक्त माझ्या ॲपनं परवा कढीपत्त्याला कडुनिंब म्हटलं 😂

सी-१०१ आप्पा: झाडाचं नाव शोधायला ॲप बरं, फुलाचा फोटो दिला तर जास्त बरं. प्लांटनेट वापरून बघा. रोगकिडीसाठी प्लांटिक्स मराठीत आहे, पण ते मुख्यतः शेतातल्या पिकांसाठी. ॲपनं नाव दिलं की त्या नावाचे आणखी फोटो काढून आपल्या झाडाशी ताडून बघायचं. आणि खायची गोष्ट असेल तर ॲपवर अजिबात विसंबायचं नाही.

बी-१०१: शुभ सकाळ 🌹 संयम हे कडू झाड आहे पण त्याची फळं

बी-४०५: काका, हा बागेचा ग्रुप आहे.

बी-१०१: झाडाचंच आहे.

ए-२०३ काकू: [फोटो] हे बघा आप्पा. पानावर पक्ष्यानं घाण केली असं वाटलं. पुसायला गेले तर हललं!

सी-१०१ आप्पा: लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे. लहान असताना हुबेहूब विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. मग हळूच काडीनं डिवचून बघा, डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबू, कढीपत्ता, बेल ही तिची झाडं.

सी-८०४: माझी मुलगी विचारतेय, आपलं राज्य फुलपाखरूपण लिंबावरच वाढतं ना?

सी-१०१ आप्पा: शाब्बास. निलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन. त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर असते. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू केलं.

ए-२०३ काकू: राज्य असो नाहीतर राष्ट्रीय, माझ्या फोडणीचं काय?

सी-१०१ आप्पा: झाड मोठं असेल तर खाऊ द्या, कढीपत्ता पुन्हा फुटतो. रोप लहान असेल तर अळ्यांची फांदी कापून खालच्या लिंबावर नेऊन ठेवा. पण त्यावर फवारा मारून तोच पाला आमटीत घालायचा, याला काय अर्थ आहे?

बी-३०२: [फोटो] [फोटो] माझी जास्वंद. खालच्या बाजूनं काढलाय. कापूस आहे, मुंग्या आहेत, पानं काळी चिकट झालीत. तीन रोग एकदम लागलेत का?

सी-१०१ आप्पा: फोटो उत्तम. रोग एकही नाही, कीड एकच आहे. कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि ढेकणाची राखण करतात, त्याच्या शत्रूंना जवळ फिरकू देत नाहीत. खाली सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, तेच तुमचं काळं पान. मुंग्या आणि काजळी वेगळ्या मारत बसू नका, ढेकूण आवरला की दोन्ही जातात.

आता दुसरा फोटो मोठा करून बघा. उजवीकडच्या फांदीवर एक पांढरा झिपऱ्यांचा जीव बाकीच्यांपेक्षा बराच मोठा आहे. काडी लावा. भरभर पळतो का?

बी-३०२: थांबा, बघते.

बी-३०२: पळाला! चांगलाच पळाला.

सी-१०१ आप्पा: मग तो ढेकूण नाही. ती एका ढालकिड्याची अळी आहे, क्रिप्टोलेमस नावाचा. ती पिठ्या ढेकूणच खाते आणि दिसते अगदी तशीच, फक्त मोठी आणि चपळ. प्रयोगशाळेत वाढवून शेतकऱ्यांना विकतात हे ढालकिडे. तुमच्याकडे फुकट आलाय. शनिवारी सगळ्यात आधी तोच मेला असता.

डी-५०२: बापरे. आम्ही तर असले चिमट्यानं वेचून मारलेत.

सी-१०१ आप्पा: फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. बाकीचं जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासा. ज्या फांदीवर तो ढालकिडा आहे ती सोडा. उरलं तर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब, पानाच्या खालून मारा. आठवड्यानं पुन्हा. आधी एका पानावर मारून बघा, पान करपलं तर तेल कमी करा. कुंडी ज्या भिंतीला टेकलीय तिथूनच मुंग्यांची वाट असेल, कुंडी थोडी पुढे ओढा.

याच ढेकणाच्या एका जातीची गोष्ट सांगतो. २००८ मध्ये कोईमतूरला पपईवर एक परका पिठ्या ढेकूण सापडला आणि बघता बघता महाराष्ट्रापर्यंत आला. पपई, जास्वंद, तुती, काही सोडलं नाही. औषधं मारून लोक थकले. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून एक बारीकशी गांधीलमाशीच्या कुळातली माशी आणून सोडली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते. तिनं दोनेक वर्षांत काम केलं. आणि जिथे फवारे चालू होते तिथे ती बिचारी टिकत नव्हती.

ए-६०४ (सेक्रेटरी): म्हणजे आप्पा, फवारणी रद्द असं म्हणताय?

सी-१०१ आप्पा: फोटो येऊ द्या अजून.

डी-५०२: [फोटो] गुलाबाच्या पानाखाली बारीक केसांवर पांढरे ठिपके उभे आहेत. बुरशी ना?

सी-१०१ आप्पा: क्रायसोपा नावाच्या किड्याची अंडी. एकेका दांडीवर एकेक अंडं. आतून निघणारी अळी मावा खाऊन फस्त करते. हात लावू नका.

सी-८०४: [फोटो] पोडियमवरचा चाफा. पानाखाली नारिंगी पूड आहे, बोटाला लागते.

सी-१०१ आप्पा: तांबेरा. ही खरी बुरशी, आणि शनिवारच्या कीटकनाशकानं तिला खरचटणारही नाही. खाली पडलेली पानं रोज झाडून बागेबाहेर काढायला सांगा, नळीनं पानांवर पाणी मारणं बंद करा. चाफा यानं मरत नाही. आणि थंडीत त्याची पानं गळतातच, तेव्हा “चाफा गेला” म्हणून फोटो टाकू नका. दरवर्षी कोणीतरी टाकतं.

ए-१०४: माझ्या गंधराजाची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. टँकरचं पाणी घालते.

सी-१०१ आप्पा: कीड नाही. क्षाराच्या पाण्यानं लोह मिळेनासं झालंय. पावसाचं पाणी साठवून घाला, नर्सरीत चिलेटेड लोह मिळतं, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे द्या. जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर वेगळं.

बी-१०१: [फॉरवर्ड केलेला मेसेज] ताक, हिंग आणि हळद! सर्व रोगांवर एकच रामबाण उपाय! जास्तीत जास्त शेअर करा!

सी-१०१ आप्पा: भुरीवर, म्हणजे पानावर पांढरी पावडर दिसते त्यावर, पातळ ताकाचा गुण येतो असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. पिठ्या ढेकणाला ताक पाजून काही होणार नाही.

बी-४०५: [फोटो] विजेच्या डीपीमागे हे उगवलंय. मुलानं गाजराच्या बिया टाकल्या होत्या, तेच आलं बहुतेक. पण त्यावर भुंगे आहेत, पिवळट अंगावर काळपट नागमोडी रेघा. पानांची चाळण केलीय. मारू का?

सी-१०१ आप्पा: भुंग्याला मारू नका, झाड उपटा. हे गाजर नाही, गाजर गवत आहे.

डी-७०१: काँग्रेस गवत! नाव अगदी योग्य ठेवलंय 😄

बी-१०१: का हो? त्यापेक्षा हल्ली जे उगवलंय ते

ए-६०४ (सेक्रेटरी): ग्रुपवर राजकारण नको 🙏 पुढे बोला आप्पा.

सी-१०१ आप्पा: पुण्याशी त्याचं जुनं नातं आहे. भारतात हे तण १९५५ मध्ये पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं ते इथेच. आता देशभर आहे. कातडीला खाज, काहींना दमा. फुलं यायच्या आत, पाऊस पडून माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. आणि ते भुंगे मेक्सिकोहून मुद्दाम आणलेत, या गवतासाठीच. १९८४ मध्ये बंगळूरला सोडले. पावसाळ्यात ते गवताची पानं खातात. मिळाले तर बाटलीत भरून मागच्या रिकाम्या प्लॉटवर सोडा, तिथे त्यांना मेजवानी आहे.

बी-४०५: आणि कंपाउंडला पत्रीसाठी काय काय घेता येईल? आघाडा, माका ओळखते मी.

सी-१०१ आप्पा: आघाडा, माका, दूर्वा, तुळस घ्या. डाळिंबही आहे. पण पत्रीतच धोतरा, कण्हेर आणि रुई पण आहेत, आणि तिन्ही विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टरकडेच पळावं लागतं. तोडताना लहान मुलांना मदतीला घेऊ नका, आणि पूजेच्या ताटातली पत्री त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

बी-४०५: मग ही कुठली? [फोटो] पाण्याच्या टाकीमागे. जांभळं बारीक फूल, खोड चौकोनी.

सी-१०१ आप्पा: चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं म्हणजे तुळशीच्या कुळातली असेल, त्यापुढे फोटोवरून सांगत नाही. फुलासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, आधी फोन करून मग जा. रोगाचं पान दाखवायचं असेल तर शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका, घामेजून सडतं, मग सगळेच रोग दिसायला लागतात. कागदात न्या, आणि अर्धं चांगलं, अर्धं बिघडलेलं असं पान निवडा.

डी-७०१: शेवग्याचं काय ते सांगा. मला ती अळी फुलपाखरू व्हायची वाट बघायची नाहीये.

सी-१०१ आप्पा: तिचा पतंग होतो. पण तुमचं बरोबर आहे, ही अळी खरंच त्रासदायक. दिवसा खोडावर गठ्ठ्यानं बसते, रात्री वर चढून पाला खाते. म्हणून दिवसाच गाठायची. लांब दांड्याच्या खराट्यानं साबणाच्या पाण्याच्या बादलीत खरवडून पाडायची. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क, चष्मा. पलिता लावू नका, केस हवेत उडतात आणि वर गॅसची पाइप गेलीय. मावशींना सांगा, पुरळ चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढली की केस निघतात, मग साबणानं धुवायचं. डोळ्याला लागलं तर डॉक्टर.

डी-७०१: झाडच काढलं तर?

ए-६०४ (सेक्रेटरी): काढता येणार नाही. सोसायटीच्या आवारातलं असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. छाटणीसाठीसुद्धा उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. मागच्या कमिटीनं केला होता, नमुना माझ्याकडे आहे.

ए-२०३ काकू: आणि शेंगा कोण खातं मग? डी-७०१ मध्येच जास्त जातात 😀

ए-६०४ (सेक्रेटरी): दुरुस्त सूचना. शनिवारची सरसकट फवारणी रद्द. त्याऐवजी सकाळी ८ ला शेवग्यावरचे सुरवंट पाडणे (माळीकाका आणि दोन जण, डी-७०१ येणार आहेत), चाफ्याखालची पानं उचलणे, डीपीमागचं गाजर गवत काढणे. जास्वंदीवर ज्याचं त्यानं. ठेकेदाराला मी कळवतो, ॲडव्हान्स दिलेला नाही.

डी-७०१: मी कधी हो म्हणालो?

बी-३०२: आणि डासांसाठी तरी मारा हो काहीतरी.

सी-१०१ आप्पा: कुंड्यांखालच्या ताटल्या बघा आधी. पोडियमवर जवळजवळ सगळ्या पाण्यानं भरलेल्या आहेत.

ए-६०४ (सेक्रेटरी): ताटल्यांची नोटीस उद्या वेगळी काढतो.