सलाईनची घंटा आणि बेंगळुरूची बस

उद्यमबागकर: काल इथं आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या एका साहेबांनी लिहिलंय, "मेडिकल डिव्हाइस काढायचंय? पहिली बेंगळुरूची बस धरा. उद्यमबागेच्या कारखान्यांत पंपाचे पार्टच होणार." डोकंच फिरलं. हायड्रॉलिकचे स्पूल आमची पोरं मायक्रॉनात मारतात ओ! गेल्या पावसाळ्यात आई अ‍ॅडमिट होती. रात्री अडीचला बाटली संपली, नळीत रक्त वर चढलेलं. सिस्टर एक, खाटा बावीस. घरी येऊन आठ दिवसांत सलाईनच्या हुकाखाली लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, बसवला. रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून 50 मिली उरलं की बीप. ह्याला बेंगळुरू कशाला?

टिळकवाडीचा साहेब: मीच तो. सॅम्पल कोणीही करतो, मामा. 2017 च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सात ए ते डी चार वर्ग. ए-बीचं लायसन्स राज्याकडं, सी-डीचं थेट दिल्लीला. वर आयएसओ 13485 ची क्वालिटी सिस्टीम. वजन चुकून बीप वाजलाच नाही तर काय, हे कागदावर लिहिलंय का तुम्ही?

खानापूर एक्सप्रेस: राज्याकडं म्हणजे बेंगळुरूलाच की! आमची कामं तिथं कशी होतात ते माहीत आहे. साधा दुकानाचा बोर्ड बदलायला मला तीन चकरा.

टिळकवाडीचा साहेब: बोर्डाचा काय संबंध?

खानापूर एक्सप्रेस: 60 टक्के कन्नड नसेल तर नोटीस, हा संबंध. पेंटरला दोनदा पैसे दिले. घंटा तरी कुठल्या भाषेत वाजवणार, ते आधी विचारून घ्या.

अनगोळ: झालं! चपातीचा विषय काढला तरी तुम्ही 1956 च्या सीमावादावर जाताय. माझा कन्नड पार्टनर आहे, फॉर्म तोच भरतो. पोर्टल इंग्रजीतच असतंय.

खानापूर एक्सप्रेस: तुम्हाला पार्टनर मिळाला म्हणून गोड वाटालंय.

अनगोळ: आणि तुम्हाला मिळाला नाही म्हणून कडू.

उद्यमबागकर: भांडा बाहेर जाऊन. साहेब, कागदाचं मान्य. पण बायरॅक ह्या केंद्राच्या बायोटेक संस्थेची बिग नावाची ग्रँट 50 लाखांपर्यंत मिळते, तिच्यासाठी गाव सोडावं लागत नाही. खरी भीती उधारीची. एका हॉस्पिटलला ट्रॉलीची चाकं दिली, पैसे सात महिन्यांनी. तेही निम्मे.

टिळकवाडीचा साहेब: हे मात्र बेंगळुरूतही तसंच आहे. घ्या, एवढं तुमचं खरं.

नाईट ड्युटी: बारा वर्षं वॉर्डात आहे. मॉनिटर, पंप, ऑक्सिजन, सगळ्यांच्याच घंटा वाजतात. तुमची तेरावी कोण ऐकणार? शिवाय नातेवाईक त्याच हुकाला शहाळ्याची पिशवी अडकवतात. तुमच्या काट्याला ती सलाईनच वाटणार, बाटली कोरडी होईस्तोवर.

उद्यमबागकर: …सिस्टर, पिशवीचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी सॅम्पल घेऊन येऊ का?

नाईट ड्युटी: या. पण दिवा लावून आणा, बीप नको.